कुत्री भुंकेपर्यंत

गलीमा जप्पीच्या घरात निजायची जागा वेगळी आणि आडवं व्हायची जागा वेगळी. निजायला खिडकीशी पलंग होता. आडवं व्हायला न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला बोळ. त्या बोळाच्या कुठल्याच भिंतीला बाहेरचं ऊन लागत नव्हतं, म्हणून तो निवडलेला. खाली पटांगणात पहिला बार झाला की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून ती बोळात पालथी होई, गाल फरशीला लावी आणि वाट पाही. कशाची, तर कुत्र्यांची. गोळ्या चालू असेपर्यंत वसाहतीतलं एकही कुत्रं तोंड उघडत नाही. सगळं संपलं, पोरं आपापल्या जिन्यांत पांगली, की आधी कुठलं तरी एक चाचरत भुंकतं, मग दुसरं, मग सगळी. तेव्हा उठायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. केपटाऊनबाहेरच्या वाळूवर उभ्या केलेल्या त्या तीनमजली इमारतींत बायका जशा कांदा कापायला शिकल्या, तशाच हेही शिकल्या.

गलीमानं सत्तरी ओलांडली होती. पडायला तिला वेळ लागत नसे. उठायला लागे.

भिंतीपलीकडे मेव्हिस फोर्टाइन राहायची. ती चर्चवाली, ही नमाजी; एकीच्या घरून दुसरीच्या घरी बशी गेली की ती कधी रिकामी परत आली नाही. दोघींचे बोळ पाठीला पाठ लावून होते, त्यामुळे आडवं झाल्यावरही बोलणं होई.

"गलीमा, आहेस का गं?"

"आहे."

"माझा भात लागला वाटतं."

"लागू दे."

"वास येतोय का तिकडे?"

"येतोय. तुझा भात एरवीही असाच वास मारतो. पडून राहा."

अशी वर्षं गेली होती. गलीमाचा नवरा गोदीत जहाजांना रंग द्यायचा. त्या रंगानंच त्याची छाती खाल्ली. मुलगी दूर पोर्ट एलिझाबेथला नांदत होती. मुलीचा मुलगा रियाद मात्र आजीकडे वाढला, आणि एका दुपारी पाव आणायला खाली गेला असता पटांगणातच संपला. तो कुठल्याही टोळीत नव्हता. दोन जिन्यांच्या मधोमध चालत होता, एवढंच. गलीमा नेहमीसारखी बोळात होती. कुत्री भुंकली तेव्हा ती उठली, सज्जात आली, तर खाली कुणीतरी फुलाफुलांचा टेबलावरचा कपडा आणून काहीतरी झाकत होतं. कपड्याखालून जे बूट दिसत होते ते तिनं ओळखले. लोक म्हणाले, तू बघितलं नाहीस तेच बरं. पण तिला आतून वाटत राहिलं की तिच्या आईनं बघितलं असतं. आई उभी राहिली असती.

तर अशा त्या वसाहतीत एका उन्हाळ्यात सिनेमावाले आले.

त्यांना आधी पेन्सिलला भेटावं लागलं. पेन्सिल म्हणजे इगशान. काडीसारखा बारीक, म्हणून पेन्सिल. तळमजल्यावरचे तीन जिने त्याच्या टोळीचे. पलीकडचे जिने दुसऱ्यांचे. चित्रीकरण दूर, जुन्या कारखान्यांच्या भागात एका मोकळ्या आवारात होणार होतं, पण गर्दीची माणसं त्यांना इथलीच हवी होती, आणि त्यांना आणा-न्यायला रोज गाडी येणार होती. गाडीवर दगड पडू नये, गोळी तर नाहीच नाही, म्हणून दोन्ही बाजूंशी बोलणी झाली आणि चित्रीकरण संपेपर्यंत तह ठरला. पेन्सिल स्वतः जिने चढून गलीमाला सांगायला आला. तिच्या दारात येताना तो टोपी काढायचा. लहानपणी तिनं त्याला कुराणातली पहिली सूरा शिकवली होती.

"आंटी, सिनेमात काम करणार का? जुन्या डिस्ट्रिक्ट सिक्सचा आहे. तुमच्या वेळच्या टोळ्यांचा."

"आणि तू काय करणार?"

"मीपण आहे. टोळीवाला."

"मग त्यात काम कसलं रे, मेल्या? ते तर तू रोज करतोस."

पेन्सिल लाजला. "हॅट देणार आहेत, आंटी. त्या वेळचा सूटपण."

डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणजे डोंगराच्या पायथ्याची, समुद्र दिसणारी ती जुनी वस्ती. गलीमा तिथेच जन्मली. सरकारनं एक दिवस ती जागा गोऱ्यांची म्हणून जाहीर केली, माणसं उचलून इकडे वाळूत आणून ओतली आणि मागे घरांवर बुलडोझर फिरवला. ती नवी नवरी होती तेव्हा. त्यावर आता गाणी होती, संग्रहालय होतं, शाळेच्या पुस्तकात धडा होता. गलीमाला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. जे गेलं ते इतक्या लोकांनी इतकं चघळलं होतं की तिच्या वाट्याला त्याची चवच उरली नव्हती.

दिग्दर्शिका तॅम्लिन तिशीतली होती, केस कापलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली. तिची आजीही तिकडचीच. गलीमाच्या स्वयंपाकघरात बसून तिनं घट्ट दुधाचा चहा दोनदा घेतला.

"आंटी, तेव्हाचे टोळीवाले कसे होते?"

"टोळीवाल्यांसारखे."

"तसं नाही. लोक सांगतात, त्यांच्यात माया होती. म्हाताऱ्या माणसांना मान देत. बायकांसमोर शिवी देत नसत."

"मान देत ना. माझ्या बापाचं शिंप्याचं दुकान होतं. सलाम करून आत येत, सूट शिवून घेत, आणि शिलाईचं नाव काढलं की दुकानाच्या काचेकडे बघत उभे राहत. आवडती काच होती बापाची. अक्षरं रंगवून घेतलेली."

तॅम्लिन हसली, मग हसायची थांबली.

"माझी मोठी बहीण कधी एकटी सिनेमाला गेली नाही," गलीमा म्हणाली. "आणि त्यातलाच एक जण, ज्याला सगळी गल्ली घाबरायची, तो रमजानमध्ये आंधळ्या हाजींना हात धरून मशिदीत न्यायचा. हेही खरं आणि तेही खरं. तुझ्या सिनेमात काय येणार?"

"दोन्ही यावं असं वाटतंय."

"बघ बाई. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही बसवायचं म्हणजे शिवणीत माया सोडावी लागते. तंग शिवलास की उसवतो."

तॅम्लिननं तिला एक प्रसंग देऊ केला. टोळीचा म्होरक्या भर रस्त्यात पडतो. सगळ्या टोळ्यांत मिळून एकच पिस्तूल, ते शत्रूकडे. बार होतो, तो कोसळतो, आणि समोरच्या ओट्यावर एक म्हातारी उभी आहे, ती बघते. काही बोलायचं नाही. कॅमेरा तिच्या तोंडावर येणार. बास.

"उभी आहे?" गलीमानं विचारलं.

"हो. उभी. हलत नाही."

गलीमा म्हणाली, "करते."

तॅम्लिनला माहीत नव्हतं, पण ती म्हातारी गलीमाला माहीत होती. ती झैनप होती, तिची आई. उताराच्या त्या गल्लीत संध्याकाळी दोन टोळ्या समोरासमोर आल्या, पावाच्या सुऱ्या आणि सायकलच्या साखळ्या निघाल्या, की झैनप पिठाच्या हातांनी ओट्यावर यायची आणि दुधाला आलेल्या मांजरांवर ओरडावं तशी ओरडायची, "मगरिब झाली! घरी जा! उरलेलं उद्या!" मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आणि त्या दिवे लागायच्या वेळेला पोरं घरात पाहिजेत हा त्या गल्लीतला कायदा होता; त्यात मुसलमान-ख्रिस्ती असा भेद नव्हता, वयाचाही नव्हता. मिशा फुटलेले, तुरुंग बघून आलेले गडी त्या आवाजानं क्षणभर दहा वर्षांचे व्हायचे. कुणी हसायचं, कुणी चरफडत साखळी खिशात घालायचं. नेहमीच ऐकायचे असं नाही. एकदा नाही ऐकलं. एक जण त्यांच्याच पायरीवर पडला, आणि झैनपनं आतून उशी आणून त्याच्या डोक्याखाली दिली. उशी धुतली तरी पुन्हा कुणी वापरली नाही. पण आई उभी असायची. मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला, दोघांनाही तिचं तोंड दिसायचं. गलीमा तिच्या झग्यामागे असायची, झग्याचा काठ मुठीत धरून.

त्या आईची मुलगी बोळात आडवी होऊन म्हातारी झाली होती. एकदा तरी उभं राहून बघावं, खोट्या रस्त्यावर का होईना, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरताच मेव्हिस म्हणाली, "अगं बाई! हे तर हुबेहूब!"

उताराचा रस्ता, दगडी पायऱ्या, जाळीदार कठडे, एका घरावरून दुसऱ्या घरावर ताणलेल्या दोऱ्या, त्यावर चादरी. दारांचे रंगही तेच, उन्हानं विटलेले. गलीमानं एक दार ढकललं. पलीकडे खोली नव्हती. लाकडी टेकू, वायरी, आणि एक माणूस डबा खात बसलेला.

"आत या, आंटी," तो म्हणाला.

"आत आहेच काय?" असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

दुपारी जेवणाची पाकिटं आली. गलीमानं विचारलं, हलाल आहे का. सगळंच हलाल आहे, असं उत्तर आलं. मेव्हिस पाकीट उघडत म्हणाली, "हिच्या शेजारापायी जन्मभर मला सुखानं डुक्कर खाता आलं नाही. आता सिनेमातही नाही."

"कमी खा. तो झगा मागून फाटेल."

"झगा माझ्या आईच्या मापाचा आहे. माझी आई उपाशी मेली, मी तशी मरणार नाही."

मग प्रसंगाची तयारी झाली. टोळीवाले हॅटा घालून रस्त्यात उभे राहिले. त्यात पेन्सिलही होता. सुटात तो खरोखर देखणा दिसत होता, आणि ते त्याला कळलं होतं. म्होरक्याचं काम करणारा नट जोहान्सबर्गहून आलेला, मालिकांतला नावाजलेला, ब्रँडन. त्याला गोळी लागायची होती. गलीमा ओट्यावर. मेव्हिस शेजारच्या ओट्यावर, हातात धुण्याचं घमेलं. खिडक्यांतून, पायऱ्यांवर वसाहतीतल्या बायका-पुरुष. तॅम्लिननं ओरडून सांगितलं, "बार खोटा आहे! नुसता आवाज! घाबरायचं नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

बार झाला.

रस्त्यावर उभा राहिला तो एकटा ब्रँडन, ज्याला पडायचं होतं तो. बाकी सगळा डिस्ट्रिक्ट सिक्स आडवा. मेव्हिसचं घमेलं गडगडत उतारावरून गेलं. खिडक्या रिकाम्या. पायऱ्यांवर माणसं माणसांवर. टोळीवाले हॅटांसकट हातगाडीमागे, आणि पेन्सिलचा हात कमरेशी गेलेला. गलीमा ओट्यावर पालथी होती, गाल सिमेंटला लावून. ते सिमेंटही खोटंच होतं, रंगवलेलं, उन्हानं तापून वास मारणारं. आपण कधी पडलो हे तिला आठवत नव्हतं.

ब्रँडन इकडेतिकडे बघत राहिला. "मी... मी पडू का आता?"

कुणी तरी हसलं. मग सगळेच. कपडे झटकत, एकमेकांना चिमटे काढत उठले. मेव्हिस पडल्या पडल्या म्हणाली, "उठायचं का गं? इथे कुत्री कुठायत?"

तॅम्लिन हसली नाही. तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं. पण ऐका. तेव्हा लोक पडत नसत. माझी आजी सांगायची, मारामारी झाली की सगळी गल्ली ओट्यावर यायची बघायला. घाबरत नसत असं नाही, पण बाहेर येत. तुम्ही आत्ता जे केलंत ते आजचं आहे. मला तेव्हाचं हवंय. तेव्हाचं उभं राहणं."

"बरोबर बोलतेय," गलीमा म्हणाली.

"बरोबर बोलते गं," मेव्हिस कुजबुजली, "पण हे गुडघ्यांना कोण सांगणार?"

पुन्हा बार झाला, पुन्हा सगळे पडले. या वेळी काही जण अर्धवट वाकून थांबले, आणि ते अधिकच वाईट दिसलं, नमाजात रुकूला अडकल्यासारखं. मग तॅम्लिननं आवाज लहान करवला. मग आधी मोजून दाखवायला लावलं. मोजणं सुरू झालं की लोक मोजणीच्या मध्येच पडू लागले. एक आजोबा तर तिसऱ्या आकड्यालाच झोपून मोकळे झाले आणि म्हणाले, पुढे पडायचंच आहे तर धावपळ कशाला. संध्याकाळची सावली रस्त्याच्या मध्यावर आली. वारा सुटला, दोरीवरच्या चादरी फडफडायला लागल्या, आणि त्या फडफडीनंही कुणाकुणाचे खांदे आक्रसले.

गलीमानं कठड्याची सळी दोन्ही हातांनी धरून पाहिली. डोळे मिटून पाहिलं. पैगंबरांवरचा दुरूद मनात म्हणून पाहिला. दर वेळी बार झाला की हात सळीला आणि ती खाली, उन्हात वाळत घातलेल्या फडक्यासारखी.

चहाच्या वेळेला तिनं तॅम्लिनला मदतनिसाशी बोलताना ऐकलं. "त्या बाईच्या जागी उद्या शहरातली नटी आणू. यांना मागे बसवू. हे मी यांना परत परत करायला लावणं... बरं नाही दिसत."

गलीमा कप हातात घेऊन तिच्यापुढे गेली.

"नटी नको आणूस."

"आंटी, तुम्हाला त्रास होतोय."

"होतोय. पण उभी मी राहणार. तू म्हणालीस ती बाई माझी आई आहे. तिच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चालायचं नाही."

तॅम्लिननं तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा थकवा गलीमाच्या ओळखीचा होता. खूप दिवस दुसऱ्यांचं दुःख नीट बसवत राहिलं की येतो तसला. शिवणकाम करणाऱ्यांनाही येतो.

"असं करू," तॅम्लिन शेवटी म्हणाली. "बार काढूनच टाकू. आवाज मी मागाहून भरीन. आता काहीच वाजणार नाही. मी हात वर करीन, ब्रँडन पडेल, तुम्ही बघा. नुसतं बघा."

सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. ऊन कलतीला आलेलं. तॅम्लिनचा हात वर गेला.

ब्रँडन पडला. कसलाही आवाज न होता पडला. आधी हॅट, मग तो. गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. सगळी गल्ली उभी होती. गलीमाही उभी होती.

तिला वाटलं होतं, एकदा उभं राहता आलं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. समोर एक माणूस पडत होता आणि तो पडताना दिसत होता, एवढंच. खांदा आधी टेकतो. हात काही तरी धरायला जातो आणि धरायला काही नसतं. बूट थोडेसे घासतात. हे असं होतं तर. कुठून कुत्र्याचा आवाज नाही, कुणाचा नाही. पोरं सुऱ्या धरून उभी होती, हॅटांच्या सावलीत तोंडं, पुढे काय करायचं ते कुणीच सांगत नव्हतं म्हणून नुसती उभी. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, तिला विचारल्यावाचून, तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा जाड आवाजात,

"मगरिब झाली! घरी जा! उरलेलं उद्या!"

बोलायचं नव्हतं. ब्रँडननं पडल्या पडल्या एक डोळा किलकिला केला. हॅटवाले एकमेकांकडे बघू लागले. आणि पेन्सिलनं हॅट काढली. ती छातीशी धरून तो वळला आणि उतारावरून खाली चालू लागला, मान खाली घालून, घरी उशीर झालेल्या पोरासारखा. त्याच्या मागून दुसरा गेला. मग तिसरा. ते नट नव्हते, त्यांना कुणी तसं सांगितलंही नव्हतं. रस्त्यात पडलेला एकटा ब्रँडन उरला, आणि त्याच्यावरून हलणारी चादरीची सावली.

तॅम्लिन थांबा म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली.

परत जाताना गाडीत पेन्सिल मागच्या बाकावर होता. मेव्हिसनं मान वळवून टोमणा मारला, "काय रे, हॅट दिली, सूट दिला, आणि तू काम सोडून घरी निघालास?"

"मला काय माहीत, आंटी," तो म्हणाला. "आईनं हाक मारली असं वाटलं. पाय निघाले."

"इकडे कधी निघत नाहीत ते!"

पेन्सिलनं खिडकीबाहेर बघितलं. "इकडे कोण हाक मारतं? सगळ्या आडव्या असता तुम्ही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी आलं नाही, वीज गेली, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं होतं. गलीमानं हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

चित्रीकरण संपलं, तह संपला. पटांगणात पुन्हा बार होऊ लागले. पहिल्या दिवशी गलीमा स्वयंपाकघरात भोपळा चिरत होती. सुरी ठेवली. तिला वाटलं, आता आपल्याला येतं. एकदा जमलेली गोष्ट अंगात राहते, काज करायला हात शिकला की विसरत नाही तसं. ती सज्जाच्या दारापर्यंत गेलीदेखील. दुसरा बार झाला आणि ती बोळात होती.

"गलीमा, आहेस का गं?"

"आहे."

"उठणार होतीस ना तू?"

"गप पड."

हिवाळ्यात पेन्सिलला पोलिसांनी नेलं, आणि पलीकडच्यांनी त्याचे जिने घेतले. नवी पोरं दारात आली तरी टोपी काढत नसत. शाळा मधूनमधून बंद राही. रुग्णवाहिका पोलिसांच्या गाडीखेरीज आत येत नसे, आणि पोलिसांची गाडी रुग्णवाहिका आल्याखेरीज. दिवस जात होते. त्यांना दुसरं काही येत नाही.

वर्ष उलटलं आणि तॅम्लिननं बोलावणं धाडलं. मोठ्या बाजार-इमारतीतल्या सिनेमागृहात वसाहतीतल्या लोकांसाठी दुपारचा खास खेळ. गाडी आली. मेव्हिसनं चर्चचा झगा घातला, गलीमानं ईदचा रुमाल बांधला. पेन्सिलच्या आईला दोघींनी दारात जाऊन विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच बघून या आणि सांगा कसा दिसतो ते, माझ्यानं नाही व्हायचं.

अंधार झाला. पडद्यावर उतार आला, चादरी आल्या, संगीत सुरू झालं. लोक आपापल्या माणसांना ओळखून ओरडू लागले. टोळीवाले नाचत होते, देखणे होते, मैत्रीसाठी जीव देत होते. मध्येच एका दुकानात शिरले, सूट घालून पाहिले, आणि शिंप्यानं तोंड उघडलं तसे सगळे काचेकडे बघत उभे राहिले. काचेवर अक्षरं रंगवलेली होती. गलीमानं मेव्हिसचा हात दाबला. पोरीनं तेवढं ठेवलं होतं. मग सरकारी माणसं आली, नोटिसा आल्या, भिंतींवर खुणा पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायका नाकं शिंकरू लागल्या. गलीमा रडली नाही. ती आपल्या ओट्याची वाट बघत होती. खुर्चीचे हात तिनं आधीच घट्ट धरून ठेवले होते, कारण तिला ठाऊक होतं काय येणार ते. आवाज मागाहून भरीन, असं तॅम्लिन म्हणाली होती.

रस्ता आला. हॅटा आल्या. पेन्सिल दिसला, निमिषभर, एका कडेला. ओट्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी दिसू लागली.

बार झाला.

चांगला भरला होता आवाज. पोटात गेला. सगळ्या रांगा एकदम खाली गेल्या. खुर्च्या फटाफट मिटल्या, मक्याच्या लाह्या उधळल्या, कुणाचा तरी चष्मा फरशीवरून सरकत गेला. गलीमा दोन रांगांच्या मधल्या फटीत होती, गाल सांडलेल्या गोड पाण्यात, आणि मेव्हिसचं कोपर तिच्या बरगडीत. वर पडद्यावरचा उजेड हलत होता. तिथे ती उभी होती, हलत नव्हती, बघत होती, आणि तिला ते दिसत नव्हतं.

"गलीमा," मेव्हिस कानाशी म्हणाली, "उठायचं का गं?"

गलीमानं कान दिला. कुत्री नव्हती. वारा होता, चादरींचा आवाज होता, आणि मग अंधारात सगळ्या आडव्या माणसांच्या वरून, जाड, पिठाच्या हातांचा तो आवाज आला. मगरिब झाली, घरी जा.

मेव्हिस उठू लागली. गलीमानं तिच्या झग्याचा काठ मुठीत धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "आई बोलतेय."